खुर्ची भरली, माणूस कोठे?

भाईंदर पश्चिमेला राहणारे एक निवृत्त शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्या थोरल्या मुलाला ऐन विशीत तीव्र मनोविकाराने गाठले. गेली अनेक वर्षे ते त्याला घेऊन महिन्यातून एकदा एका सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जातात. औषधे मिळतात, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. त्यांची तक्रार वेगळीच आहे. ते म्हणाले, "दर दोन-चार महिन्यांनी टेबलापलीकडचा चेहरा बदलतो. मुलाची कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. मध्यंतरी एक समुपदेशक ताई होत्या. वर्षभर खपून त्यांनी त्याला बोलते केले. एके दिवशी कळले की त्यांचे कंत्राट संपले. त्या गेल्या आणि मुलगा पुन्हा मुका झाला."

क्षणभर थांबून ते पुढे म्हणाले, "माझ्या शाळेत एका वर्षात चार वेळा वर्गशिक्षक बदलला असता तर पालकांनी मोर्चा काढला असता. इथे मी कोणाकडे जाऊ?"

त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पण त्या प्रश्नाने एक गोष्ट मनात रुतून बसली. मानसिक आरोग्याविषयी आपल्याकडे चर्चा होते ती खाटांची, इमारतींची, निधीची आणि जागृती सप्ताहांची. या सेवेत कोणाला नेमले, त्याने आजवर कोणते काम केले होते, तो किती काळ टिकणार आहे आणि त्याला कोण जाब विचारणार आहे, या प्रश्नांची चर्चा होत नाही. वास्तविक या क्षेत्राचा प्राण तेथेच आहे. हृदयविकाराचे निदान यंत्र करू शकते, मोडलेले हाड चित्रात दिसते. मनाच्या रोगात निदानाचे साधन माणूस आणि उपचाराचे साधनही बव्हंशी माणूसच. माणूस चुकीचा नेमला, अथवा योग्य माणूस नेमून वर्षात हलवला, तर सारी व्यवस्था कागदावर उभी आणि प्रत्यक्षात आडवी, अशी तिची गत होते.

आपल्या पूर्वजांना हे नेमके उमगले होते. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद मानले: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रुग्ण. प्रत्येकाचे चार-चार गुणही त्यांनी सांगितले. वैद्याच्या गुणांत शास्त्राच्या निर्मळ ज्ञानाच्या जोडीला त्यांनी ठेवले ते ‘दृष्टकर्मता’ या गुणाला. ज्याने प्रत्यक्ष कर्म वारंवार पाहिले आहे, रुग्णाच्या उशाशी ज्याची वर्षे गेली आहेत, तो वैद्य. परिचारकाच्या ठायी त्यांनी दक्षतेबरोबर ‘अनुराग’ अपेक्षिला, म्हणजे रुग्णाविषयीची आपुलकी. ज्येष्ठतेची यादी, वेतनश्रेणी आणि मंत्रालयातील हुद्दा यांचा त्या सोळा गुणांत समावेश नाही. आजच्या महाराष्ट्रात मानसिक आरोग्याच्या नेमणुका पाहताना विचारावेसे वाटते की, या व्यवस्थेत दृष्टकर्मता कोठे आहे?

परिचारिकेला पंधरा वर्षे, अधिकाऱ्याला शून्य

संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा संमत केला आणि २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. हा कायदा चांगला आहे, हे प्रथमच निःशंकपणे सांगितले पाहिजे. १९१२ च्या ब्रिटिश कायद्याने रुग्णाला ‘वेडा’ ठरवून समाजापासून दूर ठेवले. १९८७ च्या कायद्याने भाषा सुधारली, पण दृष्टी बव्हंशी कुलूपबंदच ठेवली. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला प्रथमच हक्काचा धनी मानले. उपचार मिळण्याचा हक्क, समाजात राहण्याचा हक्क, आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क त्याला दिला. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या दुर्दैवी जीवाला गुन्हेगार समजण्याऐवजी तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेण्याचे दायित्व शासनावर टाकले. कायदा चांगला आहे, म्हणूनच त्याची हेळसांड अधिक खुपते.

या कायद्यानुसार प्रत्येक राज्यात एक राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण असते. मानसिक आरोग्य संस्थांची नोंदणी, त्यांच्या दर्जाची निश्चिती, व्यावसायिकांची नोंद, तक्रारींची दखल अशी महत्त्वाची कामे त्याच्याकडे आहेत. कलम ४६ मध्ये त्याची रचना दिली आहे, ती वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावी. आरोग्य खात्याचे सचिव अध्यक्ष. अन्य खात्यांचे अधिकारी पदसिद्ध सदस्य. त्यांच्यासोबत शासकीय सेवेत नसलेला एक नामवंत मनोविकारतज्ज्ञ. त्यानंतर एक मानसशास्त्रज्ञ, एक मनोविकार समाजकार्यकर्ता आणि एक मानसिक आरोग्य परिचारिका, प्रत्येकी किमान १५ वर्षांच्या अनुभवाचे. आयुर्वेदादी भारतीय पद्धतींतील पदव्युत्तर तज्ज्ञालाही, १५ वर्षांच्याच अनुभवाच्या अटीवर, एक जागा. शिवाय मनोविकार भोगलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी, रुग्णाची काळजी वाहणाऱ्या कुटुंबीयांचे दोन आणि स्वयंसेवी संस्थांचे दोन.

पुढे कलम ५२ येते. प्राधिकरणाचा दैनंदिन कारभार ज्याच्या हाती, ज्याच्या स्वाक्षरीने कागद हलतो, त्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासाठी कायद्याने कोणती पात्रता सांगितली? हुद्दा उपसचिवापेक्षा खालचा नसावा, एवढीच! एका वर्षाचाही अनुभव नाही, मनोरुग्णालयाची पायरी चढल्याची अट नाही. सल्ला देणाऱ्या परिचारिकेने पंधरा वर्षे रुग्णांत घालवलेली असावीत, आणि त्या सल्ल्याचे काय करायचे हे ठरवणाऱ्याने मात्र केवळ एका विशिष्ट वेतनश्रेणीत पोहोचलेले असावे, असा हा न्याय आहे. आज मत्स्यव्यवसाय, उद्या क्रीडा, परवा मनोरुग्ण अशा क्रमाने खाती पालथी घालत आलेला अधिकारी कितीही बुद्धिमान असो, त्याला विषय समजू लागेपर्यंत त्याच्या बदलीचा आदेश निघालेला असतो.

कायद्यातील ही त्रुटी भरून काढण्याला राज्य शासनाला कोणी मनाई केलेली नाही. नेमणूक करण्याचा अधिकार राज्याचाच आहे. हुद्द्याची किमान अट पाळून अनुभवाची अट राज्य आपणहून घालू शकते. सार्वजनिक आरोग्य सेवेत ज्याने मनोरुग्णालय चालवले आहे, जिल्हा कार्यक्रम राबवला आहे, अशा व्यक्तीला पूर्ण वेळ आणि निश्चित मुदतीसाठी तेथे बसवू शकते. मग अडते कोठे? इच्छाशक्तीत!

‘अतिरिक्त कार्यभार’ नावाचा रोग

आमच्या प्रशासनाच्या शब्दकोशात एक अजब शब्द आहे, तो म्हणजे ‘अतिरिक्त कार्यभार’. एका माणसाला एका पदाचे वेतन आणि दोन पदांचे काम द्यायचे. दोन्ही कामे अर्धवट झाली की दोष कोणाचाच नसतो. खुर्ची भरली आहे, असे विधिमंडळात सांगता येते. पद रिकामेच राहते.

हा रोग कोठून आला, याचा इतिहास उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी भारतात वेड्यांची इस्पितळे उघडली. नागपूरचे १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे. त्या काळी अशा संस्थांवर तुरुंग खात्याच्या महानिरीक्षकाचा अंमल असे आणि स्थानिक सिव्हिल सर्जन इतर कामांच्या जोडीला त्यांकडे पाहत. वेडा आणि कैदी यांत साम्राज्याला फारसा फरक वाटत नव्हता. पण पुढे त्याच साम्राज्यालाही हे लांच्छन वाटू लागले. १९०५-०६ च्या सुमारास तुरुंग खात्याचा अंमल काढून घेण्यात आला आणि या रुग्णालयांत या विषयाचे जाणकार, पूर्ण वेळ अधिकारी नेमावेत असे धोरण ठरले. परकी सत्ताधाऱ्यांना जे शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी कळले, ते स्वतंत्र भारतातील लोकनियुक्त शासनांना अजून उमगू नये, याला काय म्हणावे?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. त्यासाठी रांचीच्या रुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी देशातील १९ मनोरुग्णालयांची पाहणी केली. सर्व मिळून खाटा १०,१८१. या संस्था उपचारापेक्षा डांबून ठेवण्यासाठीच बांधल्या गेल्या आहेत आणि प्रशिक्षित माणसांचा दुष्काळ आहे, असा त्या पाहणीचा सूर होता. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. १९९९ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने बंगळुरूच्या निमहान्स संस्थेच्या साहाय्याने देशभरातील मनोरुग्णालयांची झाडाझडती घेतली आणि पुन्हा तेच आढळले. प्रत्येक पिढीने पाहणी केली, प्रत्येक पिढीने माणसे कमी असल्याचे सांगितले, आणि प्रत्येक पिढीच्या राज्यकर्त्यांनी प्रतिसादादाखल नवी योजना जाहीर केली. योजनेला नाव मिळाले, बोधचिन्ह मिळाले. माणसे तेवढी मिळाली नाहीत.

घोडबंदर रस्त्याच्या या टोकाला

आता आपल्या शहराकडे वळू. मीरा-भाईंदर महापालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ भरली होती. त्यानंतर काशीमिऱ्यापासून उत्तनपर्यंत इमारतींची जी रांग उभी राहिली, ती पाहता आजचा आकडा त्याहून पुष्कळ मोठा असणार. तरी जुन्याच आकड्यावर हिशेब करू.

दर लाख लोकसंख्येमागे तीन मनोविकारतज्ज्ञ असावेत, असे प्रमाण संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीच्या २०२३ च्या अहवालात आधाराला घेतले आहे. देशातील प्रत्यक्ष प्रमाण ०.७५ असल्याचे त्याच अहवालात नमूद आहे. तीनच्या मापाने मीरा-भाईंदरला २४ मनोविकारतज्ज्ञ लागतात. देशाच्या सरासरीने सहा. खासगी दवाखाने धरून सहाचा आकडा कदाचित गाठता येईल. पण ज्या रिक्षाचालकाला, घरकाम करणाऱ्या बाईला, भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत राबणाऱ्या कामगाराला खासगी तज्ज्ञाचे शुल्क झेपत नाही, त्याच्या वाट्याला पूर्ण वेळचा, कायम नेमणुकीचा सरकारी तज्ज्ञ किती येतो? महापालिकेने आणि राज्य शासनाने हा आकडा आपणहून जाहीर करावा.

रुग्णाला दाखल करण्याची वेळ आलीच तर वाट धरायची ती ठाण्याची. तेथील प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे, १,८५० मंजूर खाटांचे. येरवडा २,५४०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. चारही मिळून ५,६९५ खाटा. मुंबई महानगराचा आणि आसपासच्या जिल्ह्यांचा भार ठाण्यावर. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यातच असले, तरी पश्चिम रेल्वेवरून थेट ठाण्याला जाता येत नाही. एक तर दादरला उतरून मध्य रेल्वे पकडायची, नाही तर घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या घाटातील कोंडीत तिष्ठत राहायचे. शेजारी बिथरलेला, घाबरलेला तरुण मुलगा आणि त्याचा हात घट्ट धरून बसलेली म्हातारी आई. हा प्रवास ज्याने एकदा केला आहे, त्याला ‘सेवेची उपलब्धता’ या सरकारी शब्दप्रयोगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ठाण्याच्या या रुग्णालयाच्या जमिनीला मात्र भलताच भाव आहे! ठाणे आणि मुलुंड यांच्यामधील नव्या रेल्वे स्थानकासाठी तिच्यातील काही भाग देण्याचा मार्ग उच्च न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशाने मोकळा झाला. जुन्या इमारतींच्या जागी नवे, भव्य रुग्णालय उभारण्याची योजनाही शासनाने आखली. स्थानकाची गरज आहे, याबद्दल वाद नाही. नव्या इमारतीही हव्यातच. पण भूमिपूजनाला कुदळ मारणारे हात पुष्कळ असतात. कक्षात रात्रपाळीला बसणारे हात किती, याची नोंद कोनशिलेवर कोरली जात नाही.

माणूस नसला म्हणजे काय होते, याचे अत्यंत विदारक उदाहरण याच रुग्णालयाच्या संदर्भात उच्च न्यायालयापुढे आले. घरी जाण्यास योग्य असूनही एक महिला तब्बल १२ वर्षे तेथे राहिल्याचे उघडकीस आले. मुंबईतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी कायद्याच्या अंमलबजावणीसाठी जनहित याचिका केली. राज्य प्राधिकरण काय काम करते, बरे झालेले किती रुग्ण वर्षानुवर्षे अडकून पडले आहेत, याची विचारणा न्यायालयाला करावी लागली. कायद्याचे कलम १९ स्वच्छ सांगते की, केवळ घर नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा समाजात सोय नाही म्हणून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. वर्षातून किमान चार वेळा प्राधिकरणाची बैठक व्हावी, असेही कायदाच सांगतो. रुग्णांच्या हक्कांवर देखरेख करण्यासाठी जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या व्यक्तीच्या अध्यक्षतेखाली पुनर्विलोकन मंडळे नेमण्याची तरतूद आहे. या साऱ्या तरतुदी जिवंत होतात त्या माणसांमुळे. बरा झालेला रुग्ण घरी पाठवायचा तर त्याचे घर शोधणारा, घरच्यांची समजूत घालणारा, पुढे महिन्याला विचारपूस करणारा समाजकार्यकर्ता लागतो. ते पद रिक्त राहिले की कलम १९ कागदावर राहते आणि एका बाईच्या आयुष्यातील बारा वर्षे हातची जातात. तिला ती परत कोण देणार?

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

यावर काही आक्षेप हमखास घेतले जातात. त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, प्रशासन हे प्रशासकाचे काम आहे. डॉक्टरला अर्थसंकल्प आणि निविदा काय कळणार? या म्हणण्यात तथ्य आहे. मनोरुग्णाचे पुनर्वसन एकट्या आरोग्य खात्याच्या हातचे नाही. त्यात गृह, समाजकल्याण, वित्त, विधी अशी सगळी खाती लागतात आणि त्यांना एकत्र बसवण्यास सचिवाचाच अधिकार हवा. म्हणून अध्यक्षपदी सचिव असण्याला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच की, रोजचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला विषयाची जाण हवी आणि दुसरे कोणतेही काम नको.

दुसरा आक्षेप असा की, तज्ज्ञ मिळतच नाहीत. जाहिरात देऊनही कोणी येत नाही. हे अंशतः खरे आहे. पण कोण येईल आणि का येईल? जिल्हा कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता, परिचारिका अशा पदांचा संच ठरलेला आहे, पण त्यांतील पुष्कळशी भरती कंत्राटी. अकरा महिन्यांनी आपण असू की नसू, याची ज्याला खात्री नाही, त्याने रुग्णाला दीर्घ आधाराची ग्वाही कोणत्या तोंडाने द्यावी? त्यात प्रशिक्षणाची दारेही अरुंद. नव्या शैक्षणिक धोरणाने एम. फिल. पदवी बंद केली. परंतु चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या विषयांत हीच पदवी व्यवसायाची किल्ली होती. अखेर २०२४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला या दोन विषयांपुरती २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ द्यावी लागली. धोरण कितीही उदात्त असो, तळाशी काय घडेल याचा आधी विचार झाला पाहिजे, हे आपलेपणानेच सांगावे लागते.

तिसरा आक्षेप राजकीय असतो. हे अमक्या सरकारचे पाप आहे, असे म्हणून मोकळे होता येते. तसे नाही. २०१८ पासून महाराष्ट्रातील सर्व प्रमुख पक्ष या ना त्या आघाडीतून सत्तेत बसून गेले आहेत. मनोरुग्ण मोर्चा काढत नाही, त्याचा मतदारगट नाही, त्याचे कुटुंब लाजेने गप्प असते. म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करणे सर्वांनाच परवडते. जो आपल्यासाठी ओरडू शकत नाही त्याच्यासाठी शासन काय करते, हीच शासनाच्या धर्माची कसोटी असते. आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या शासनाला तर ती अधिक कठोरपणे लावली पाहिजे.

आणि आपणही निर्दोष नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी आश्रयगृहाला लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. ती घटना दर्ग्याच्या परिसरातली म्हणून आपण दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटू शकत नाही. अंगात आले म्हणून लिंबू-मिरची उतरवणारे, औषध थांबवून गंडेदोरे बांधणारे आपल्याही घरांत आहेत. कायद्याने आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाच्या पदव्युत्तर तज्ज्ञाला मानाचे स्थान दिले आहे. ते स्थान अभ्यासकाचे आहे. आयुर्वेदाचे नाव घेणाऱ्या भोंदूला तेथे शिरकाव मिळता कामा नये. उलट, प्राधिकरणातील ती जागा खऱ्या विद्वानाला मिळावी, यासाठी आपणच आग्रही असले पाहिजे.

एक माणूस किती करतो

योग्य माणूस योग्य जागी टिकला तर काय घडते, याचे दाखले दूर शोधायला नकोत. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. कुटुंब उपचारात सहभागी झाले, रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. कोणताही शासन निर्णय नव्हता. भारतीय कुटुंबाची ताकद ओळखणारा एक अधिकारी होता.

पुण्यात डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करीत होत्या. व्यसनात बुडालेल्या तरुणांची घरे त्यांनी जवळून पाहिली. त्या अनुभवातूनच १९८६ साली, त्याच रुग्णालयाच्या आवारात, ‘मुक्तांगण’ उभे राहिले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी त्याला मदतीचा हात दिला. सरकारी नोकरीतील एका डॉक्टरची दृष्टकर्मता हजारो संसारांच्या उपयोगी पडली.

आणि अगदी आपल्या वेशीला लागून, दहिसरला, डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेने रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना उचलून आणले, बरे केले, देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवले. पुढे कर्जतला या कामाचा विस्तार झाला. २०१८ साली डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या तिघांच्या कामात समान धागा कोणता? हे लोक टिकले. रुग्ण बदलत गेले, माणूस तोच राहिला. शासनाच्या सेवेत नेमके याच्या उलट घडते: रुग्ण तोच राहतो आणि माणूस बदलतो.

काय मागायचे, काय करायचे

केवळ हळहळ व्यक्त करून चालणार नाही. मागण्या स्पष्ट असाव्यात. राज्य प्राधिकरणाचा मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्ण वेळ, मानसिक आरोग्याचा अनुभव असलेला आणि किमान तीन वर्षे न हलवला जाणारा असावा. प्राधिकरणाच्या आणि पुनर्विलोकन मंडळांच्या प्रत्येक सदस्याची पात्रता, अनुभव, नेमणुकीची तारीख व मुदत जाहीर व्हावी. काळजीवाहू कुटुंबीयांच्या जागांवर खरोखरच घरात रुग्ण सांभाळणारी माणसे असावीत. कोणाच्या तरी शिफारशीच्या चिठ्ठीवर आलेले मान्यवर तेथे नकोत. जिल्हा कार्यक्रमातील पदे कायम करावीत. मीरा-भाईंदरसारख्या आठ लाखांहून मोठ्या शहराला आपले स्वतःचे पूर्ण वेळ पथक मिळावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाला. तो उपयुक्त आहे, तो प्रत्येक घरात लिहून ठेवावा. पण दूरध्वनीवरचा आवाज कितीही मायाळू असला, तरी त्याला रुग्णाचा हात हातात घेता येत नाही.

या मागण्यांना एक मुदतही आहे. कायदा अमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न शासनाने करावा, असे कलम ३१ सांगते. ती दहा वर्षे मे २०२८ मध्ये पूर्ण होतात. निवडणुकीच्या सभांत पुलांच्या आणि मेट्रोच्या तारखा विचारल्या जातात. ही तारीख कोणी विचारली आहे का?

ती विचारण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची सूची आपणहून प्रसिद्ध करायची असते. टेंभ्याच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयापासून मीरा रोडच्या इंदिरा गांधी रुग्णालयापर्यंत, शहरातील प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयात मानसिक आरोग्याची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांपैकी कायम किती आणि कंत्राटी किती, याचा फलक दर्शनी भागात लावावा, असे साधे निवेदन आपल्या प्रभागातून द्या. उत्तर नाही आले तर अर्ज करा. अर्ज अडला तर अपील करा. आणि त्याच वेळी आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत, दार लावून बसलेल्या एखाद्या कुटुंबाच्या घरी जाऊन बसा. सल्ला देऊ नका, फक्त बसा. त्यांना ठाण्याला जायचे असेल तर सोबत जा. शासनाकडे दृष्टकर्मता मागायची तर समाजाने आधी अनुराग दाखवला पाहिजे.

परवा ते निवृत्त शिक्षक पुन्हा भेटले. आता त्यांची सत्तरी उलटली आहे. मुलाच्या आजाराची सगळी हकीकत, औषधे, मात्रा, कोणत्या शब्दाने तो बिथरतो आणि कोणत्या गाण्याने शांत होतो, हे सारे त्यांनी एका दोनशे पानी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून काढले आहे. म्हणाले, "नवीन माणूस आला की त्याच्या हाती देतो. माझ्यानंतर कोण सांगणार?"

जी नोंद शासनाच्या सेवेत एका टिकलेल्या माणसाच्या मनात असायला हवी होती, ती एका थकलेल्या बापाला वहीत उतरवावी लागली. त्या वहीच्या शेवटच्या पानापर्यंत पोहोचण्यापूर्वी तिचा वाचक नेमला जावा, आणि तो तेथेच टिकावा, एवढेच आमचे मागणे आहे.